सोर्स कोड मिळाला, पण बांधून पाहिलात का?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

वाचनालयांच्या संगणकीकरणाबद्दल गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहारात एका वाचकाचे पत्र आले होते. सॉफ्टवेअर करून देणारा उद्या दुकान गुंडाळून गेला तर पंचाईत नको, म्हणून संस्थांनी करारातच सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ लिहिलेला मजकूर, मागून घ्यावा, असे त्यांचे म्हणणे. मागणी रास्त आहे, पण अर्धीच आहे. उरलेले अर्धे काय, ते मला या पावसाळ्यात चांगलेच कळले. सोर्स कोड आमच्याकडे होता. पंधरा वर्षे होता. कपाटात, कुलपात, प्लास्टिकच्या डबीत सीडी, आणि डबीवर मार्करने ‘सोर्स कोड – जपून ठेवणे’.

माझी ओळख द्यायची तर, मी सदतीस वर्षे पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारे आणि साचे घडवणाऱ्या विभागात, काढली. २०१६ मध्ये निवृत्त झालो. तेव्हापासून कसबा पेठेतल्या आमच्या छोट्या सार्वजनिक वाचनालयात संध्याकाळी देवघेवीच्या टेबलावर बसतो. मानधन नाही, चहा मिळतो. प्रोग्रॅम म्हणजे काय ते मी सीएनसी लेथवर शिकलो, आणि घरात लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) आले ते एका संगणक मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीतून. म्हणजे मी सॉफ्टवेअरवाला नाही, पण एरर दिसली की मशिन बंद करून पळणाऱ्यांतलाही नाही.

वाचनालयाचे सॉफ्टवेअर २००९ मध्ये जवळच्याच एका जिन्यावरच्या छोट्या फर्मने करून दिले. विंडोजचे पैसे नकोत म्हणून ते लिनक्सवर केले. काम चांगले होते, हे आधी सांगतो. पंधरा वर्षे कुरकुर न करता चालले. तेव्हाचे आमचे कार्यवाह वकील. त्यांनी करारात कलम घालून सोर्स कोडची सीडी वसूल केली आणि कार्यकारिणीने त्यांचे अभिनंदन केले, तशी इतिवृत्तात नोंदही आहे. फर्म पुढे बंद झाली. त्या जिन्यावर आता टॅटू काढून मिळतो.

या जुलैत भिंतीला ओल आली आणि संगणकाची हार्ड डिस्क गेली. नशिबाने आधीच्या शनिवारपर्यंतची डेटा फाइल पेनड्राइव्हवर होती. दाखलनोंद वही आम्ही आजही हाताने लिहितो, त्यामुळे पुस्तके किती आणि कोणती हे कागदावर होते. पण कोणते पुस्तक कोणत्या सभासदाकडे गेले आहे, हे फक्त त्या फाइलीत, आणि ती वाचायची तर डिस्कबरोबर गेलेला प्रोग्रॅमच हवा. डेटा काढून द्यायचे एकाने चाळीस हजार सांगितले. आमचे वर्षाचे पुस्तकखरेदीचे पैसे जवळपास तेवढेच असतात.

तपकीर गल्लीतून एक जुना पण बरा संगणक आणला, त्यावर लिनक्स टाकले, आणि सीडीवर सोर्सबरोबर तयार प्रोग्रॅमचीही एक प्रत होती ती चालवून पाहिली. उत्तर आले: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. फाइल डोळ्यांसमोर, नाव बरोबर, आणि यंत्र म्हणते अशी फाइलच नाही. या एका ओळीने माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्ली. खरा प्रकार असा, की प्रोग्रॅम जुन्या, ३२ बिटच्या यंत्रांसाठीचा होता आणि नवे लिनक्स ६४ बिटचे. यंत्राला सापडत नव्हती ती आमची फाइल नव्हे, तर तिला मेमरीत चढवणारी ३२ बिटची लोडर फाइल. ती आणि तिचे नातेवाईक इन्स्टॉल केल्यावर ओळखीची हिरवी खिडकी उघडली. आणि तिने नोंदणी किल्ली मागितली. किल्ली जुन्या संगणकाच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावरून बनवलेली; ते कार्ड भंगारात. फर्ममधल्या एकाचा फोन खटपट करून मिळवला. तो आता परदेशात असतो. अगदी नम्रपणे बोलला, “काका, इतकी वर्षं झाली, माझ्याकडे त्यातलं आता काहीच नाही हो.”

मग डबी उघडली.

ज्यांचा याच्याशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्ये. सोर्स कोड हा माणसाने लिहिलेला आणि माणसाला वाचता येणारा मजकूर. यंत्राला तो जसाच्या तसा चालत नाही. कंपायलर त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो, लिंकर त्याला लागणारे बाहेरचे भाग जोडतो, आणि त्यातून जी फाइल निघते ती आपण चालवतो. या सगळ्याला मी ‘बांधणे’ म्हणतो. टूलरूमच्या भाषेत सोर्स म्हणजे ड्रॉइंग आणि ती फाइल म्हणजे जॉब, ड्रॉइंगवरून घडवलेला भाग. आमच्याकडे ड्रॉइंग होते. म्हणजे, आम्हाला तसे वाटत होते.

मदतीला शेजारच्या बिऱ्हाडातली मुलगी आली. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हुशार पोर, पण तीन वर्षांत तिने बटण दाबून सगळे आपोआप होणाऱ्या खिडकीबाहेर काही कंपाइल केले नव्हते. “आजोबा, मेकफाइल परीक्षेला येते, पण चालवून नाही कधी बघितली.” मेकफाइल म्हणजे काय कोणत्या क्रमाने बांधायचे त्याच्या आज्ञांची यादी; मेक हा प्रोग्रॅम ती वाचून बांधणी करतो. आधी तिने ती मेकफाइल स्वतःला मेसेज करून, तिथून उचलून चिकटवली. तत्काळ एरर, सातव्या ओळीवर: मिसिंग सेपरेटर, स्टॉप. मेकफाइलमध्ये आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबनेच व्हावी लागते. आठ स्पेस दिल्या तर डोळ्यांना फरक दिसत नाही, पण मेक अडून बसतो. मेक हा प्रोग्रॅम स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅबमध्ये १९७६ मध्ये लिहिला. तेव्हापासून लोक या टॅबला शिव्या देत आले आहेत, त्यात आता कसबा पेठेचीही भर पडली.

टॅब दुरुस्त झाले. पुढची एरर: जीटीके डॉट एच सापडत नाही. जीटीके म्हणजे पडद्यावर खिडक्या आणि बटणे काढून देणारा तयार कोडचा संच; अशा संचाला लायब्ररी म्हणतात. पोरगी म्हणे, जीटीके तर इन्स्टॉल आहे! आहे, पण वापरण्यापुरते. तयार प्रोग्रॅम चालवायला लायब्ररीचा नुसता तयार भाग पुरतो. नवा प्रोग्रॅम तिच्यावर बांधायचा तर तिच्या हेडर फाइलीही, म्हणजे तिच्यात काय काय आहे ते कंपायलरला सांगणाऱ्या फाइली, लागतात, आणि डेबियन, उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत त्या शेवटी ‘डेव्ह’ लागलेल्या वेगळ्या पॅकेजात येतात. सोर्समधून काही बांधायला बसणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी इथे ठेचकाळतो. आमचे जीटीके २ म्हणजे आता म्हातारे. २०२० च्या डिसेंबरात जीटीके ४ आले तेव्हा त्याला अधिकृत निरोप मिळाला. तरी पॅकेज मिळाले, हेही उपकारच.

आणि मग ती एरर आली, जिच्यासाठी हे पत्र लिहीत आहे. एक हेडर फाइल सापडत नव्हती. मेकफाइलमध्ये तिचा पत्ता होता, फर्ममधल्या त्या मुलाच्या स्वतःच्या संगणकावरच्या ‘सामाईक’ नावाच्या फोल्डरचा. सीडीवर ते फोल्डर नव्हतेच. बाकीच्या चाळीस फाइली होत्या आणि नेमकी ही नव्हती. एका पुस्तकाची नोंद फाइलीत कशी साठवायची, कोणत्या रकान्याला किती जागा, हे सगळे त्या फाइलीत. नोंदणी किल्ली तपासायचे फंक्शन, म्हणजे तेवढे काम करणारा कोडचा तुकडा, तेही त्याच फोल्डरात. किल्लीमुळे मुद्दाम बाजूला ठेवले, की दोन-तीन गिऱ्हाइकांसाठी सामाईक म्हणून वेगळे राहिले आणि सीडी करताना विसरले, हे मी सांगू शकत नाही, आणि आरोप करत नाही. त्याच्या संगणकावर मेक म्हटले की सगळे बिनबोभाट बांधले जात असणार. त्यामुळे त्यालाही कधी कळले नसेल. आणि आमच्याकडे तर पंधरा वर्षांत कोणी मेक म्हटलेच नव्हते.

ड्रॉइंग हरवलेल्या जॉबचे आम्ही टूलरूममध्ये काय करायचो? जॉब मोजून उलटे ड्रॉइंग काढायचो. इथे जॉब म्हणजे डेटा फाइल. तिचा हेक्स डंप काढला, म्हणजे फाइलीतला एकेक बाइट (साठवणीचे छोटे एकक) आकड्यांत, दहा ते पंधरासाठी ए ते एफ अक्षरे वापरून, मांडून पडद्यावर पसरला. पहिल्यांदा नुसती मुंग्यांची रांग दिसते. पण सगळ्या लिप्या संगणकात साठवायच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, त्यातला पहिला कायम ‘ई-शून्य’ आणि दुसरा ‘ए-चार’ नाही तर ‘ए-पाच’. हे एकदा कळले की मराठी मजकूर कुठे सुरू होतो आणि कुठे थांबून शून्ये लागतात, ते नजरेला दिसू लागते. आट्याचा पिच मोजावा तसे मी एका पुस्तकाच्या नावाच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर मोजले. तीनशे बारा. पुढचे मोजले, तीनशे बारा. फाइल होती ३५,२६,८४८ बाइटची. पोरीने मोबाइलवर भागाकार केला: ११,३०४, बाकी शून्य. मी दाखलनोंद वही उघडून शेवटचे पान तिच्यापुढे धरले. शेवटचा क्रमांक ११,३०४. त्या क्षणी ती इतक्या मोठ्याने ओरडली, की वाचनकक्षातल्या एका आजींनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिले.

रकान्यांची नावे उरलेल्या कोडमध्ये जागोजागी वापरलेली होती, ती वेचली. मापे हेक्स डंपवरून घेतली. नावाला १६० बाइट, लेखकाला १००, प्रकाराला २० असे करत हेडर फाइल पुन्हा लिहिली. लिंक करताना किल्लीचे फंक्शन सापडेना, तेव्हा त्याच नावाचे तीन ओळींचे फंक्शन लिहिले, जे काही न तपासता ‘होय’ म्हणते. (वाचनालयाने पूर्ण पैसे दिलेले आहेत, पावती फाइलला आहे.) मग ‘मल्टिपल डेफिनिशन’ची, म्हणजे एकच नाव अनेक ठिकाणी ठरवल्याच्या तक्रारींची, माळ लागली. जुन्या कोडमध्ये एकच जागतिक चल (सगळ्या प्रोग्रॅमने वापरायची, नाव दिलेली साठवणीची जागा) हेडरमध्ये लिहून तो हेडर दहा ठिकाणी ओढायची आळशी पद्धत होती; पूर्वी जीसीसी कंपायलर ते पोटात घालायचा. २०२० मधल्या जीसीसी १० पासून तो असे चालवून घेत नाही. त्यावर ‘एफ-कॉमन’ असा एक शब्द आज्ञेत वाढवला की जुने लाड परत सुरू होतात. म्हणजे पाहा, कोडला कोणी हात लावला नव्हता. कंपायलर बदलला होता.

अखेर प्रोग्रॅम उघडला, आणि पहिल्या पुस्तकाचा दाखल क्रमांक निघाला उणे, आणि तोही अब्जावधींच्या पलीकडचा. नावाचे पहिले अक्षर गिळलेले. दुसऱ्या पुस्तकाचे तर डोके-शेपूट काही जुळेना. क्रमांकाचा रकाना मी ‘लाँग’ या पूर्णांकाच्या प्रकारचा लिहिला होता. ३२ बिटच्या लिनक्सवर लाँग चार बाइटचा असतो, ६४ बिटवर आठचा. त्यामुळे क्रमांक आपली जागा सोडून शेजारच्या नावातले चार बाइट खात होता आणि पुढचे सगळे सरकत होते. तिथे ठोकून चार बाइटचा प्रकार लिहिला, पुन्हा मेक, पुन्हा उघडले. ११,३०४ पुस्तके आपापल्या जागी. कोणाकडे कोणते पुस्तक थकले आहे तेही सगळे. यात आमच्या कार्यकारिणीतल्या एका सन्माननीय सदस्यांकडे २०१७ पासून तीन पुस्तके असल्याचे निघाले, पण तो विषय वेगळा.

एक गंमत सांगतोच. आमच्या याद्यांत पंधरा वर्षे ‘कादंबरी’ऐवजी ‘कादंबर’ आणि पुढे एक चौकोन छापून येत असे. आम्ही दोन प्रिंटर बदलले. कारण आता दिसले. कादंबरी या शब्दात क, काना, द, अनुस्वार, ब, र आणि दीर्घ वेलांटी अशी सात चिन्हे, म्हणजे एकवीस बाइट. आणि रकाना वीसचा. लिहिणाऱ्याने अक्षरे मोजली असतील, ती वीसच्या खूप आत येतात. बाइट मोजले नाहीत. ‘चरित्र’ मावत होते, ‘कविता’ मावत होती, म्हणून कोणाला शंका आली नाही.

या सगळ्याला नऊ संध्याकाळी लागल्या, त्यातल्या सहा त्या एका हरवलेल्या फाइलीच्या. म्हणून माझे म्हणणे. टूलरूममध्ये नवे ड्रॉइंग आले की फर्स्ट पीस काढतात. तो क्वालिटीवाल्याने मोजून पास केल्याशिवाय लॉट सुरू होत नाही, मग ड्रॉइंगवर कोणाचीही सही असो. सोर्स कोड ताब्यात घेताना हेच करावे. ज्या दिवशी सीडी किंवा पेनड्राइव्ह हातात येईल त्या दिवशी एक कोरा संगणक टेबलावर ठेवावा, त्यावर फक्त ऑपरेटिंग सिस्टिम. देणाऱ्याने दिलेल्या सूचनांचा कागद घेऊन घेणाऱ्याच्या माणसाने, देणाऱ्याने नव्हे, त्या सोर्समधून प्रोग्रॅम बांधावा, इन्स्टॉल करावा आणि त्यात एक पुस्तक नोंदवून एक देवघेव करावी. तोंडी सांगितलेली एकही गोष्ट चालणार नाही. “ते जरा माझ्या लॅपटॉपवरून कॉपी करा” हे ऐकू आले की तिथेच थांबायचे आणि ते सूचनांत लिहून घ्यायचे. आणि हे पार पडेपर्यंत बिलाचा शेवटचा हप्ता द्यायचा नाही. आमच्या कार्यवाहांनी २००९ मध्ये एवढे केले असते तर ‘सामाईक’ फोल्डर पहिल्या दहा मिनिटांत उघडे पडले असते, आणि तो मुलगा तेव्हा जिन्यावरच बसत होता.

ही माझी कल्पना नवी नाही. जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाचा जीपीएल परवाना, त्याची १९९१ ची दुसरी आवृत्ती, पूर्ण सोर्स कोड म्हणजे काय हे स्पष्ट सांगते: सर्व भागांचा सोर्स, त्यांना जोडणाऱ्या व्याख्यांच्या फाइली, शिवाय कंपाइल आणि इन्स्टॉल करायला वापरलेल्या स्क्रिप्टही. आमची हरवलेली हेडर फाइल तिथे शब्दशः बसते. आमचे सॉफ्टवेअर त्या परवान्याखाली नव्हते हे खरे, पण करारात ते वाक्य मराठीत उतरवून घालायला कोणाची हरकत असणार?

आणि मिळालेले गाठोडे आणि दाखवलेला कोड एकच आहेत असेही धरून चालू नये. एक्सझेड नावाच्या साध्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या कॉम्प्रेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२४ मध्ये चोरदरवाजा सापडला. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या उतरवून घ्यायच्या गाठोड्यात बांधणीच्या स्क्रिप्टचा एक तुकडा असा होता, जो सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या भांडारात नव्हताच. बांधताना तोच चोराला आत घेत होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून संशय आला आणि त्याने माग काढला. आमच्या वाचनालयात कोणी चोर शिरणार नाही, शिरला तर थकबाकी बघून परत जाईल. पण महापालिकेच्या किंवा सरकारी खात्यांच्या सॉफ्टवेअरबद्दल मी असे म्हणणार नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्येच सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचे धोरण जाहीर केले. तिथे लोकांच्या पैशाने जो कोड विकत घेतला जातो, तो घेणाऱ्याच्या यंत्रावर कोणी बांधून पाहतो का, एवढा एक प्रश्न आपल्या वार्ताहरांनी विचारावा.

काही वाचक म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, कोहा हे ग्रंथालयांसाठीचे तयार ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरा. बरोबर आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेने करून घेतलेले कोहा २००० पासून चालू आहे, जगभर वापरात आहे, पर्ल या थेट चालवता येणाऱ्या भाषेत लिहिलेले असल्यामुळे ते स्वतः कंपाइलही करावे लागत नाही. आम्हीही दिवाळीनंतर तिकडेच जाणार आहोत. पण जायला डेटा हातात लागतो, आणि तो हातात यायला ती डबीच उघडावी लागली. तेव्हा ज्या संस्थांच्या कपाटात अशी डबी आहे त्यांनी उद्याच ती उघडावी. करून देणारा अजून फोन उचलतो आहे तोवर.

पत्र लांबले, याची कल्पना आहे. जागेअभावी कापावे लागले तर कादंबरीचा भाग कापा, शेवटच्या हप्त्याचा ठेवा.

आपला,
देवघेवीच्या टेबलावरचा एक निवृत्त टूलरूम कामगार
कसबा पेठ, पुणे